चालू सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाची ड्रायव्हर सेटिंग्ज बदलताना: तक्रार ते रीबूट

दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाची सेटिंग्ज एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरूनच दुरून लॉगिन करून, बदलायची, यात भीती वाटण्यासारखं एकच कारण आहे आणि ते पुरेसं आहे: ज्या कार्डाला हात लावायचा, त्याच कार्डावरून आपण आत आलेलो असतो. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा कमांड कुठल्या, हे शोधायला अजिबात वेळ लागला नाही. त्या कमांडच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, हे मात्र तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. ते सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

सर्व्हर लिनक्सचा. दहा गिगाबिटचे दोन पोर्ट, दोन्ही मिळून एक बॉन्ड. म्हणजे एक पोर्ट काम करतो, दुसरा राखीव. रात्री बऱ्याच मशिन्स आपला बॅकअप या सर्व्हरवर आणून टाकतात. ३ मार्चला बॅकअप टीमने तिकीट काढलं: पहाटे संपणारा बॅकअप आता ऑफिस सुरू होईपर्यंत चालतो आहे. ॲप्लिकेशनवाल्यांचं म्हणणं, डिस्क हळू आहे. स्टोरेजवाल्यांचं म्हणणं, डिस्क निम्म्याहून जास्त वेळ रिकामी बसते, नेटवर्क पाहा. नेटवर्क टीमने स्विचचे पोर्ट तपासून कळवलं की त्यांच्या बाजूला एकही एरर नाही. दिवसा स्पीड टेस्ट केली तर आकडा उत्तम यायचा. तिकीट या टीमकडून त्या टीमकडे जवळजवळ आठवडाभर फिरलं आणि शेवटी सर्व्हर टीमकडे, म्हणजे माझ्याकडे, येऊन थांबलं.

पॅकेट हरवत असेल तर ते नेमकं कुठे हरवतं आहे, हे कळल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. नेटवर 'सर्व्हरचं नेटवर्क वेगवान करा' अशा नावाच्या स्क्रिप्ट भरपूर मिळतात. वीस-पंचवीस ओळी, सगळ्या एकदम चालवायच्या. त्यातली कुठली ओळ उपयोगी पडली आणि कुठलीने पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या त्रासाची सोय केली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वायरवरून आलेलं पॅकेट ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचेपर्यंत साधारण चार ठिकाणी गळू शकतं, आणि प्रत्येक ठिकाणाचा काउंटर वेगळा आहे. केबल किंवा ऑप्टिकल मॉड्यूल खराब असेल तर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेट, वाढतात. कार्डाला पॅकेट ठेवायला मेमरीत जागाच मिळाली नाही तर 'मिस्ड' वाढतात. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पुढच्या रांगेत जागा संपली तर 'सॉफ्टनेट स्टॅट' या फाइलमधला दुसरा रकाना वाढतो. आणि यूडीपीच्या, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या, बाबतीत ॲप्लिकेशनने वेळेत वाचलं नाही तर सॉकेटच्या बफरचे एरर वाढतात. चौघांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. सीआरसी एररवर रिंग बफर वाढवून काही होत नाही, केबल बदलावी लागते.

एक इशारा इथेच देते. 'आयपी लिंक' कमांडमध्ये दिसणारा 'ड्रॉप्ड' हा आकडा पाहून घाबरू नका. कर्नल २.६.३७ पासून त्यात अनोळखी प्रोटोकॉलची किंवा या मशीनवर नसलेल्या व्हीलॅनची (त्याच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) पॅकेट्सही मोजली जातात. ती टाकून देणं योग्यच असतं. माझ्या सर्व्हरवर तो आकडा दिवसभर संथपणे वाढत होता आणि त्याचा बॅकअपशी काही संबंध नव्हता.

खरी माहिती 'एथटूल' हा नेटवर्क कार्डाची सेटिंग्ज पाहण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम देतो. त्याचा कॅपिटल एस पर्याय ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, सगळे काउंटर ओकतो, कधीकधी शेकड्यांनी. नावं ड्रायव्हरगणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या लेखातलं नाव आपल्याकडे मिळालं नाही तर गोंधळून जाऊ नका. 'मिस', 'नो बफर', 'ड्रॉप' असे शब्द शोधा. हे आकडे ड्रायव्हर लोड झाल्यापासूनची बेरीज असतात. नुसता मोठा आकडा काहीच सांगत नाही, दोन वेळांमधला फरक सांगतो. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लावली: दर मिनिटाला वेळ आणि काउंटर एका फाइलमध्ये. काही रात्रींची फाइल हातात आल्यावर चित्र स्वच्छ झालं. सीआरसी शून्य. सॉफ्टनेटचा दुसरा रकाना शून्य. दिवसभर मिस्डही हलत नाही. रात्री बॅकअप सुरू झाला की मात्र मिस्ड झटक्याझटक्याने उडी मारतो, आणि त्याच मिनिटांना पाठवणाऱ्या मशिन्सवर टीसीपीची पुनर्प्रेषणं, म्हणजे हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवणं, वाढतात.

मला त्या सकाळी फार बरं वाटलं. अजून काहीच दुरुस्त झालं नव्हतं, पण वाद संपला होता. स्विचचे पोर्ट स्वच्छ होते हेही खरं आणि पॅकेट हरवत होती हेही खरं. ती कार्ड आणि मेमरी यांच्या सीमेवर हरवत होती.

आता रिंग बफर. ड्रायव्हर मेमरीत ठरावीक संख्येची घरं आखून देतो. कार्ड त्यात पॅकेट भरत जातं आणि प्रोसेसर ती रिकामी करत जातो. रहाटगाडग्यासारखं हे चक्र आहे: पोहरा रिकामा होऊन परत आला तरच पुढचं पाणी भरता येतं, भरलेलाच परत आला तर पाणी सांडतं. आमच्या कार्डाला प्रत्येक क्यूमागे, म्हणजे येणाऱ्या पॅकेटच्या रांगेमागे, ५१२ घरं होती आणि कार्डाची मर्यादा ४०९६ होती. 'एथटूल'चा स्मॉल जी हे दोन्ही आकडे दाखवतो. स्मॉल जी फक्त दाखवतो आणि कॅपिटल जी बदलतो, हे डोक्यात पक्कं बसवा. के, सी, एल, ए या बाकीच्या पर्यायांनाही हाच नियम आहे. रात्री अडीचला डोळे मिटत असताना शिफ्टचं बटण किती महत्त्वाचं आहे ते कळतं.

५१२ पुरे आहेत का, हे मी कागदावर मोजलं. १५०० बाइटच्या पॅकेटला हेडर, प्रिअँबल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळीक धरून वायरवर १५३८ बाइटइतका वेळ लागतो. दहा गिगाबिटला तो होतो सुमारे १.२३ मायक्रोसेकंद. म्हणजे ५१२ घरं भरायला ०.६३ मिलिसेकंद. प्रोसेसर एवढा वेळ दुसरीकडे गुंतला की पुढचं पॅकेट गेलं. पॅकेट लहान असतील तर परिस्थिती आणखी बिकट: ६४ बाइटची फ्रेम ६७.२ नॅनोसेकंदांत येते, तेव्हा ५१२ घरं ३४ मायक्रोसेकंदांत भरतात. २०४८ घरं केली तर मोठ्या पॅकेटसाठी अडीच मिलिसेकंदांची उसंत मिळते, ४०९६ केली तर पाचाची.

मग थेट ४०९६ का नाही? मेमरी हा प्रश्न नव्हता. घरामागे २ केबी धरले तरी ४०९६ घरांना क्यूमागे ८ एमबी लागतात, सर्व्हरच्या हिशेबात ते नगण्य. पण रिंग मोठी झाली की ती प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, आणि रांग लांबली की रांगेतलं पॅकेट उशिरा पोहोचतं. शिवाय प्रोसेसर कायमच कमी पडत असेल तर मोठी रिंग फक्त सांडण्याची वेळ पुढे ढकलते. आमच्याकडे तसं नव्हतं. सॉफ्टनेटचा तिसरा रकाना, म्हणजे काम अर्धवट टाकून उठावं लागल्याची नोंद, फारसा वाढत नव्हता. प्रोसेसरला काम झेपत होतं, तो अधूनमधून उशिरा पोहोचत होता. अशा झटक्यांसाठी रिंग वाढवणं योग्य आहे. मी २०४८ ठरवलं.

तरी एक गोष्ट खटकत होती. कार्डाला आठ क्यू होते, म्हणजे आठ रिंग आणि आठ कोअर कामाला. मग एवढं सगळं भरतं कसं? क्यूप्रमाणे पॅकेटचे आकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. येणारं पॅकेट कुठल्या क्यूत टाकायचं ते कार्ड पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांतून गणिताने काढलेल्या आकड्यावरून, ठरवतं, त्यामुळे एक टीसीपी कनेक्शन नेहमी एकाच क्यूत जातं. हे बरोबरच आहे, नाहीतर पॅकेट्सचा क्रम बिघडेल. पण बॅकअपची मोजकी जाडजूड कनेक्शनं योगायोगाने त्याच त्या दोन क्यूंत पडत होती आणि बाकीच्या सहा जवळपास रिकाम्या होत्या. सरासरी पाहणाऱ्याला प्रोसेसर दहा टक्केही कामात दिसत नव्हता. सरासरीवर विश्वास ठेवू नका, कोअरनिहाय पाहा.

१७ मार्चला चेंज रिक्वेस्ट भरली. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त दिवस इथे गेले, आणि मला आता ते दिवस वाया गेले असं वाटत नाही. फॉर्ममध्ये कारण, परिणाम, जोखीम, परत फिरण्याची योजना, चाचणीचा पुरावा आणि त्या रात्री कोण उपलब्ध असेल, असे रकाने होते. मंजुरी देणाऱ्या मॅडमनी एकच प्रश्न विचारून फॉर्म थांबवून ठेवला: "लिंक खाली जाणार आहे का? जाणार असेल तर किती वेळ?"

प्रश्न अचूक होता. रिंगचा आकार बदलताना बरेच ड्रायव्हर पोर्ट बंद करून पुन्हा सुरू करतात. हे किती सेकंदांचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. त्याच मॉडेलचं कार्ड असलेला टेस्ट सर्व्हर मिळवला आणि आधी 'एथटूल'चा स्मॉल आय चालवून दोन्हीकडचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, जुळवून पाहिलं. ड्रायव्हर तोच होता, फर्मवेअर वेगळं निघालं. तशी नोंद फॉर्ममध्ये केली. टेस्ट सर्व्हरवर बदल केला तेव्हा एसएसएचचं सेशन काही क्षण गोठलं आणि परत हललं. टीसीपीला एवढं थांबता येतं. स्विचच्या लॉगमध्ये पोर्ट खाली गेल्याची आणि वर आल्याची नोंद होती.

नेटवर्क टीममधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ती दाखवली तर ते म्हणाले, "तुमची लिंक दोन सेकंदांत येईल, पण आमचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये एज म्हणून लावलेला नसेल तर पुढे तीस सेकंद तो काहीच सोडणार नाही. मी बघून सांगतो." स्पॅनिंग ट्री म्हणजे स्विचांमध्ये पॅकेट गोल फिरत राहू नयेत यासाठीची व्यवस्था, आणि एज म्हणजे ज्याच्या पलीकडे दुसरा स्विच नाही असा पोर्ट. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पंधरा सेकंद ऐकण्याचे आणि पंधरा शिकण्याचे असतात, ते हे तीस. त्यांनी तपासलं, आमचे दोन्ही पोर्ट एज होते. तुमच्याकडे हा प्रश्न आधी विचारून ठेवा, नाहीतर ते तीस सेकंद फार लांब वाटतील.

याच सुमारास सूचनाही बऱ्याच आल्या. एकांनी सुचवलं, जंबो फ्रेम, म्हणजे मोठ्या आकाराची पॅकेट, करून टाका. त्यासाठी त्या नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनवर आणि स्विचवर ९००० चा एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, हवा. तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग आरपार गेला तरच पुढे जायचं, आणि आमच्या बाजूच्या काही मशिन्स आमच्या ताब्यात नव्हत्या. दुसऱ्यांनी एलआरओ, म्हणजे आलेली पॅकेट जोडून एक मोठं करण्याची सोय, चालू करायला सांगितलं. या सर्व्हरवर कंटेनर (वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्रॅम) ब्रिजमागे, म्हणजे सर्व्हरमधल्या आभासी स्विचमागे, आहेत आणि ब्रिजिंग किंवा राउटिंग करणाऱ्या मशीनवर एलआरओ बंदच असावा लागतो. कर्नल स्वतःही तो बंद करतो. त्याचं काम कर्नलमधला जीआरओ नीट करतो आणि तो चालूच होता. पॉज फ्रेमचा, म्हणजे कार्ड भरलं की स्विचला थोडं थांबायला सांगणाऱ्या फ्लो कंट्रोलचा, विचार मला पटत होता, पण नेटवर्क टीमला तो नको होता: पॉज आली की त्या पोर्टची सगळीच वाहतूक थांबते, फक्त बॅकअपची नाही. वेग हाताने पक्का करा, ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवणं) बंद करा, ही सूचना तर दर वेळी कुणीतरी देतंच. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन मानकानुसार सक्तीचं आहे. त्याला हात लावू नका. एका मागणीत एकच बदल, यावर मी ठाम राहिले आणि ही सगळी मंडळी नाराज न होता थांबली.

२५ गिगाबिटचं नवं कार्ड घ्यावं असाही प्रस्ताव होता. मागवण्याआधी हा बदल करून पाहू, असं ठरलं. त्यामुळे या कामाचा खर्च म्हणजे माणसांचे तास आणि रात्रपाळीची बदली सुट्टी, एवढाच झाला.

परत फिरण्याच्या योजनेत मी दोन वाटा लिहिल्या होत्या. पहिली, सर्व्हरचा स्वतंत्र मॅनेजमेंट पोर्ट. त्यावरून मुख्य कार्ड मेलं तरी स्क्रीन आणि कीबोर्ड मिळतात. त्याचा पासवर्ड कालबाह्य झालेला निघाला. नवीन मिळवण्यासाठी वेगळ्या टीमकडे वेगळा अर्ज, त्यावर माझ्या वरिष्ठांची सही, मग त्यांच्या वरिष्ठांची. यात बरेच दिवस गेले. तुमच्या हातात असं काही काम येणार असेल तर बाकी काहीही करण्याआधी आज त्या मॅनेजमेंट पोर्टवर लॉगिन करून पाहा. दुसरी वाट, वेळेवर आपोआप मागे फिरणारा टायमर. लिनक्सच्या 'सिस्टिमडी-रन' या कमांडने दहा मिनिटांनी जुनी किंमत परत लावणारी कमांड आधी ठरवून ठेवायची आणि मग बदल करायचा. सगळं नीट असेल तर टायमर रद्द करायचा. आपण बाहेर फेकले गेलो तर दहा मिनिटांत सर्व्हर स्वतःच पूर्ववत होतो.

तिमाही अखेरीच्या बंदीमुळे ५ एप्रिलपर्यंत कुठलाही बदल चालणार नव्हता. मंजुरी मिळाली ती १२ एप्रिलच्या पहाटेची, २ ते ४.

त्या रात्री पहिलं काम नोंद. ड्रायव्हर, रिंग, ऑफलोड (प्रोसेसरची कार्डाने उचललेली कामं), इंटरप्टची गाठ (किती पॅकेट जमल्यावर प्रोसेसरला इंटरप्टने, म्हणजे इशाऱ्याने, उठवायचं), क्यू, पॉज, सगळे काउंटर: प्रत्येकाचं आउटपुट तारखेच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये आणि त्याची प्रत सर्व्हरच्या बाहेर. मॅनेजमेंट पोर्टचा कन्सोल एका खिडकीत उघडा. मग टायमर. मग राखीव पोर्टवर कॅपिटल जी.

एंटर दाबण्याआधी माझे हात थंड पडले होते. राखीव पोर्टवर काहीही बिघडलं तरी चालू पोर्ट शाबूत आहे, हे मला पाठ होतं, तरीही. दोन-तीन सेकंदांनी कर्नल लॉगमध्ये लिंक वर आल्याची ओळ दिसली, दहा गिगाबिट, फुल डुप्लेक्स. स्मॉल जीने २०४८ दाखवले. बॉन्डची फाइल उघडून राखीव पोर्ट सुदृढ असल्याची खात्री केली, काम राखीव पोर्टकडे वळवलं, काही मिनिटं पाहिलं, टायमर नव्याने लावला आणि दुसऱ्या पोर्टवर तेच केलं. एसएसएच एकदाही तुटलं नाही. बॉन्ड असेल तर हाच क्रम ठेवा. एकच पोर्ट असेल तर कन्सोलवरून करा.

पुढच्या रात्रींच्या फाइल्स मी अधीरपणे उघडत होते. मिस्डच्या उड्या बहुतेक गेल्या होत्या. बहुतेक, सगळ्या नाही. ऐन गर्दीत अजून थोडी पॅकेट सांडत होती. ४०९६ करण्याचा मोह होता, पण आधी आणखी एक जागा पाहिली. सर्व्हरला दोन प्रोसेसर आहेत आणि कार्ड त्यातल्या एकाच्याच जवळ जोडलेलं असतं. सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींसारखी दाखवतो त्या जागी) त्या इंटरफेसच्या डिव्हाइसखाली 'न्यूमा नोड' नावाची फाइल असते, तिच्यात १ होता, म्हणजे कार्ड दुसऱ्या प्रोसेसरजवळ. आणि इंटरप्टची यादी सांगत होती की ते दोन जड क्यू नोड ० वरच्या कोअरवर चालत आहेत, जिथे बॅकअपचं कॉम्प्रेशनही जोरात चालतं. प्रत्येक पॅकेटसाठी एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे फेरी आणि तिथे आधीच रांग. 

यासाठी दुसरी चेंज रिक्वेस्ट. ही लवकर मंजूर झाली, कारण यात लिंक खाली जात नाही. इंटरप्ट नोड १ च्या कोअरवर हलवले. यात एक अडचण माहीत असावी: इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारी 'आयआरक्यूबॅलन्स' सेवा चालू असेल तर ती हाताने लावलेली जागा थोड्या वेळाने बदलून टाकते. ते इंटरप्ट तिच्या कक्षेबाहेर असल्याचं तिला कॉन्फिगरेशनमध्ये सांगावं लागतं. तसं सांगितलं. त्या रात्री मिस्ड जागचा हलला नाही. सकाळी तो सरळ आडवा आलेख मी कितीतरी वेळ पाहत बसले होते.

'एथटूल'ने केलेला बदल रीबूटनंतर राहत नाही. ड्रायव्हर पुन्हा लोड झाला तरी जातो. काही महिन्यांनी कुणीतरी कर्नल अपडेट करणार, मशीन रीबूट होणार आणि ५१२ परत येणार, आणि तोपर्यंत सगळे हे प्रकरण विसरलेले असणार. नेटवर्क मॅनेजर वापरत असाल तर कनेक्शनच्या प्रोफाइलमध्येच रिंगची किंमत लिहिता येते, ते सर्वांत सोपं. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, लिंक फाइल (कार्ड दिसताच लावायच्या सेटिंग्जची) लिहिली. तिथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि तिन्ही मॅन्युअलमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत.

एक, नावांच्या क्रमाने जुळणारी पहिली लिंक फाइलच लागू होते, बाकीच्या सोडून दिल्या जातात. इंटरफेसला नाव देण्याचं धोरण ९९ क्रमांकाच्या मूळ फाइलमध्ये असतं. आपली फाइल आधी जुळली आणि तिच्यात ते धोरण नसलं तर कार्डाला कर्नलचं जुनं नाव मिळतं. टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम ती ओळ वगळून रीबूट केलं: नाव बदललं आणि बॉन्डला त्याचे पोर्ट सापडेनात. मूळ फाइलमधल्या नावाच्या ओळी आपल्या फाइलमध्ये जशाच्या तशा उतरवा. दोन, बॉन्डमध्ये दोन्ही पोर्ट आणि बॉन्ड स्वतः एकच मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दाखवतात, त्यामुळे जुळणी साध्या मॅकवर न करता कार्डाच्या कायमच्या मॅकवर करा. तीन, डेबियनसारख्या वितरणांत ही फाइल सुरुवातीच्या रॅम इमेजमध्येही (बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचात) जाते, तेव्हा इमेज नव्याने तयार करा. रीबूट न करता कुठली लिंक फाइल लागू होईल हे 'यूडेव्हॲडम'च्या चाचणी पर्यायाने दिसतं. इंटरप्टसाठी बूटच्या वेळी चालणारी छोटी सेवा लिहिली.

विंडोज सर्व्हरवाल्यांसाठी एवढंच: हीच सेटिंग्ज डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर 'रिसीव्ह बफर्स', 'इंटरप्ट मॉडरेशन' अशा नावांनी असतात आणि पॉवरशेलमधूनही बदलता येतात. तिथे ती रीबूटनंतर टिकतात, पण लावताना ॲडॅप्टर रीस्टार्ट होतो, म्हणून कन्सोलचा नियम तिथेही तोच.

रीबूटची चाचणी मी वेगळी मागितली. "सगळं चाललंय तर रीबूट कशाला?" असं विचारलं गेलं. मी लिहिलं की आता ठरवून, सगळे जागे असताना आणि जुन्या नोंदी हाताशी असताना रीबूट करणं हे नंतर अवेळी होण्यापेक्षा सुरक्षित आहे. २६ एप्रिलच्या पहाटे परवानगी मिळाली. मोठे सर्व्हर सुरू व्हायला वेळ घेतात. मेमरी तपासणी चालू असताना कन्सोलवर बराच वेळ काहीच दिसत नाही आणि त्या वेळात मनात नको ते येतं. आधीच्या एखाद्या रीबूटला किती वेळ लागला होता ते लॉगमधून काढून समोर ठेवलं तर ती वाट पाहणं सुसह्य होतं. मी ठेवलं होतं, त्याचा खूप आधार झाला. सर्व्हर वर आला. नावं तीच, बॉन्ड पूर्ण, रिंग २०४८, इंटरप्ट नोड १ वर.

बॅकअप आता ऑफिस उघडण्याच्या बराच आधी संपतो. पूर्वीच्या वेळेला मात्र नाही, कारण नेटवर्क मोकळं झाल्यावर डिस्क खरोखरच पुरती कामाला लागली आणि तिची मर्यादा दिसली. स्टोरेज टीम आता त्यावर काम करते आहे, आमच्या दर मिनिटाच्या नोंदी घेऊन. २५ गिगाबिटच्या कार्डाची मागणी मागे घेतली.

तिकीट बंद करताना आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची फोल्डर, लिंक फाइल आणि मागे फिरण्याच्या कमांड जोडल्या. कर्नल किंवा फर्मवेअर अपडेटनंतरच्या तपासणी यादीत चार ओळी वाढवल्या: ड्रायव्हरची आवृत्ती पाहा, रिंग २०४८ आहे का पाहा, जड क्यूंचे इंटरप्ट नोड १ वर आहेत का पाहा, आणि पहिल्या बॅकअपनंतर मिस्डचा फरक पाहा. मिनिटाची स्क्रिप्ट चालूच ठेवली आहे.